तापलेल्या पायाला पाणी

इलोइलो,
३ ऑगस्ट १९९८

ती. जोसेफा तियांस लुदिविनाचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेले चिकट भाताचे इबोस पोचले. झावळीची गाठ पाहूनच कळलं, माझ्या मावशीच्या हातचे. पण एकच खाल्ला. कारण सांगते.

या जूनपासून दुसऱ्या वर्षाच्या नर्सिंगच्या मुलींना मी टिपणं सांगणं बंद केलं. धडा त्यांनी घरी वाचून यायचा, आणि वर्गात मी त्यांच्यापुढे एक रोगी ठेवायचा. याला काय झालंय, काय विचाराल, काय कराल? चौघींनी डोकी एकत्र करायची, एकीनं रोगी व्हायचं, एकीनं नर्स. सहा वर्षं टिपणं सांगून पाहिली, तिया. वही तोंडपाठ, पण वॉर्डात जिवंत माणसापुढे उभ्या राहिल्या की मुलींचा दगड होतो. म्हणून हा खटाटोप.

आता मुलींनीच डीनबाईंकडे अर्ज दिलाय, की मॅम शिकवतच नाहीत, आमचं आम्हालाच शिकावं लागतं. सगळ्यांत वर सही क्रिस्तेताची, जिला अख्खं पुस्तक पाठ आहे. डीन ओर्तेलानोबाई म्हणाल्या, बोर्डाच्या परीक्षेत नाटक विचारत नाहीत. अठ्ठावीस तारखेला त्या स्वतः वर्गात बसणार आहेत. पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून पुन्हा टिपणं. पुन्हा तसं शिकवायचं म्हणजे मला तोंडात माती धरून बोलल्यासारखं होईल.

मुली एकमेकींच्या रोगी झाल्या की नुसत्या खिदळतात. मागच्या बाकावरच्या आदेल्फाचा तर मी अजून आवाजही ऐकलेला नाही. म्हणून विनंती आहे. त्या दिवशी रोगी म्हणून तू येशील? तुझी नऊ वर्षांची साखर, गेल्या वर्षी चिघळलेलं पायाचं बोट... सोंग आणावंच लागणार नाही.

दोन ओळी लवकर टाक.

तुझीच,
विना

•

गिंबाल,
९ ऑगस्ट १९९८

चि. विनास अनेक आशीर्वाद.

इंदाय, लेकी, पत्र वाचून आधी हसले, मग चूल विझेपर्यंत तशीच बसून राहिले. साठी उलटल्यावर मला नाटकात उभी करतेस होय! तुझा तियो असता तर म्हणाला असता, हिला आजारपण शिकवायला नको, सासू यायची म्हटलं की हिचं डोकं ठणकायचंच.

लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून पोट भरते, ती इस्त्री मला कुणी टिपणं सांगून शिकवली नाही. गावच्या मास्तरांच्या शर्टाची कॉलर जाळली, बोलणी खाल्ली, तेव्हा कोळशाची आच कळली. तेव्हा तुझं म्हणणं मला पटतं. पण त्या पोरींवर रागावू नकोस. कुणाच्या बापानं रेडा विकलाय, कुणाची आई हाँगकाँगला परक्यांची पोरं सांभाळतेय. भरलेली वही घरी दाखवता येते ग. डोक्यात काय शिरलं ते कसं दाखवायचं?

मी तिथं काय करायचं ते मात्र नीट कळव. आरोग्य केंद्रात मी करते तेच का? नर्स सांगते, मी मान हलवते, हो म्हणते, गोळ्या घेते, निघते. शिकलेल्या पोरीला मध्येच अडवलं तर ती चारचौघांत खजील व्हायची, आणि मागे रांग. तेवढंच असेल तर येते. तुझं सगळं माझ्या मानेवर असेल तर मान मोडेपर्यंत हलवीन.

जेवत जा, उपाशी पोटी भांडण जिंकता येत नाही.

तुझी,
जोसेफा तिया

•

गिंबाल,
३० ऑगस्ट १९९८

चि. विनास आशीर्वाद.

परवा तुला न भेटताच निघाले. डीनबाई तुला खोलीत घेऊन गेल्या, दार लागलं, आणि मला तिथं उभं राहवेना. कालपासून तीन शर्टांवर इस्त्रीचे डाग पाडलेत.

इंदाय, मी तुझा घात केला. तू कोपऱ्यातून सगळं पाहिलंस, पण माझ्या पोटात काय होतं ते तुला कुठून दिसणार? म्हणून लिहिते.

क्रिस्तेताच्या चौकडीनं किती सुरेख सांगितलं! पाय रोज कोमट पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्यांतून कोरडे करा, तळवा आरशात बघा. मी हो म्हटलं. मला आईसारखं नानाय म्हणत विचारलं, समजलं ना, तर म्हटलं समजलं. डीनबाईंनी कागदावर खूण केली. दुसऱ्या चौकडीलाही हो, तिसरीलाही हो. म्हटलं, जिंकली माझी पोर.

मग ती आदेल्फा आली. तिनं सांगितलं काहीच नाही. खाली बसली आणि माझ्या हातांवरचे चटके बघून विचारलं, नानाय, इस्त्री आठवड्यातून किती दिवस? म्हटलं, चार. मग परात आणली, पाणी ओतलं आणि म्हणाली, घरी कसे धुता ते करूनच दाखवा.

सोंगच करायचं होतं ना? पण पाय पुढे जाईना. जीपनीसाठी रस्त्यावर तासभर उभी राहिले होते, तळवे नुसते तापलेले. पाणी कोमट असलं तरी पाणीच. तापलेल्या शिणलेल्या पायाला ते लागलं की पास्मा होतो, शिरा थरथरायला लागतात. माझ्या आईचे हात त्यानंच गेले. मी पाय मागे ओढला. क्रिस्तेता हसली. डीनबाई उठून पुढे आल्या. मग मला खोटं बोलवेना. सांगून टाकलं, की इस्त्रीच्या दिवशी मी पाय धूतच नाही. नऊ वर्षं नाही. केंद्रात हो म्हणते ते नर्सला बरं वाटावं म्हणून.

आणि तुलाही हो म्हटलं होतं, विना. गेल्या वर्षी बोट चिघळलं तेव्हा तू उशाशी बसून हेच सांगितलं होतंस. तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

ती पोर मात्र पास्म्याला हसली नाही. म्हणाली, माझी आईसुद्धा धूत नाही. मग पहाटे धुवा ना नानाय, निखारे पेटवायच्या आधी, अंग थंड असताना. एवढं सोपं! आजवर कुणी सांगितलं नाही, कारण मी कुणाला अडचणच सांगितली नव्हती.

डीनबाई काय म्हणाल्या ते कळव. वाईट असलं तरी कळव.

तुझी अपराधी,
जोसेफा तिया

•

इलोइलो,
६ सप्टेंबर १९९८

ती. तियांस सा. न. वि. वि.

आधी शर्टांना आग लावणं थांबव.

दार लागल्यावर ओर्तेलानोबाई खुर्चीत बसल्या. मग त्यांनी आपला कागद माझ्यापुढे सरकवला. ‘रोग्यास समजले’ या चौकटीत तीन खुणा, त्यांच्याच हातच्या. म्हणाल्या, ही चौकट वीस वर्षांपूर्वी मीच आखली. पुढे म्हणाल्या, टिपणं तूर्त नकोत. पण डिसेंबरच्या परीक्षेत गुण घसरले तर हा खेळ बंद, हेही तिथंच सुनावलं. तेव्हा सुटले असं नाही, मुदत मिळाली.

क्रिस्तेता भडकून आली. म्हणे नानायनी फसवलं, खोट्या उत्तरावर आमचे गुण कसे कापता? मी म्हटलं, खरं बोलायला तिला सोपं जाईल असा प्रश्न तू शोधून आण. दुसऱ्या दिवशी तिनं सात आणले. सहा टाकाऊ होते. सातवा तिनं वॉर्डात एका कोळ्याला विचारला, आणि तो अर्धा तास बोलत राहिला.

आता माझं. तू मला हो म्हणालीस त्या दिवशी मी घड्याळ बघत होते, तिया. शेवटची जीपनी होती. तुला नाही म्हणायला मी जागाच ठेवली नव्हती. मुलींना मी जे शिकवते, ते तुझ्या उशाशी मला आलं नाही. ही टोचणी राहू दे, कामाची आहे.

पायाचं खरं काय ते लिही. मी रागावणार नाही.

तुझीच,
विना

•

गिंबाल,
१५ सप्टेंबर १९९८

चि. विनास आशीर्वाद.

पायाचं खरं हे. टाचेला नवी भेग आहे, ओली. पहाटे धुते, पुसते, मगच कोळसे पेटवते. सतरा दिवसांत दोनदा चुकलं, एकदा आळसानं, एकदा चक्क भीतीनं.

काल केंद्रात गेले. नर्सनं नवी गोळी दिली, भराभरा सांगितलं, आणि माझी मान सवयीनं हलायला लागली. ती हातानं धरून थांबवली. म्हटलं, पोरी, मला कळलं नाही, पुन्हा सांग. मागची रांग कुरकुरली. नर्सनं डोळे मोठे केले, म्हणाली, नानाय, इतकी वर्षं तर तुम्हाला सगळं कळायचं!

मी म्हटलं, नव्हतं ग कळत.

तिनं खुर्ची जवळ ओढली.

डिसेंबरचे गुण कळव. तोवर मलाही इथं झोप नाही.

तुझी,
जोसेफा तिया