उभ्या गाडीतला वारा

४ मे १९६१
आमच्या लेकीच्या, कमळच्या घरून पत्र. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ह्यांच्या आजारपणामुळं सोलापुरात सासरी झालं. आता सव्वा महिना ती बाहेर पडणार नाही. पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मग आपण जाऊ." अर्धांगानं जीभ जड झालीय, पण एवढं स्वच्छ बोलले.

५ मे
डॉक्टर म्हणाले, या उन्हात नको. हे भिंतीकडं तोंड करून पडले.
करीमभाईंना (आमची गाडी तेच चालवतात, किती वर्षं झाली) माळ्यावरचा कूलर आठवला. ह्यांनी हौसेनं हैदराबादेहून आणलेला. गाडीच्या खिडकीला बाहेरून टांगायचं पत्र्याचं नळकांडं. आत गवत, तळाशी पाणी. दोरी ओढली की गवत भिजतं. डॉक्टरांना सांगितलं. "गारवा राहिला तर बघू. आठवड्यानं तपासतो."

७ मे
जुनं गवत हातात घेताच भुगा झालं. वाळा आणवला. दुपारभर बसून ठासून भरला. जितका जास्त तितका गारवा, असं आपलं मला वाटलं.
करीमभाई बघतच राहिले. "भाभी, गादी भरायलाव का? वारं कुठनं शिरंल?"
हे खाटेवरून, "नातीची असेल."
कितीतरी दिवसांनी थट्टा. सगळा वाळा उपसला, मोकळा करून विरळ घातला. बोटं सोलली. बरं वाटलं.

९ मे
ढोकीच्या रस्त्यानं जाऊन आलो, करीमभाई आणि मी. ह्यांच्या जागी मी बसले, दोरी ओढली. गाडी पळाली तसा ओला, सुगंधी वारा तोंडावर. थांबलो की बंद.
"हुबी गाडी काय देत न्हाय, भाभी. पळाया पायजे."
कमळला लिहिलं, तुळजापूरच्या वाटेनं येतो.

१२ मे
डॉक्टर मला बाहेर ओसरीवर घेऊन गेले. "वहिनी, आता गारव्याचा प्रश्न उरला नाही. थोडेच दिवस आहेत."
मी आत आले. काय सांगायचं ते ठरवत होते, तर हेच म्हणाले, "गाडीत तरी बसवा."

१३ मे
सकाळी ह्यांना उचलून दारातल्या गाडीत बसवलं. पाणी भरलं, दोरी ओढली. करीमभाई चाकावर हात ठेवून बसले, समोर बघत. मी बाहेर उभी राहून सुपानं नळकांड्यात वारा घालत होते. नळकांड्याच्या आडून माझं तोंड ह्यांना दिसत नव्हतं.
आतून, "गार येतंय गं."
मग जरा वेळानं, "तुळजापूर गेलं?"
करीमभाई म्हणाले, "आत्ताच मागं पडलं, साहेब."
समोर आमचाच कडुलिंब. तो ह्यांना दिसत होता.
थकले तेव्हा म्हणाले, "आज इतकंच. उद्या पुढं जाऊ."
वाळा परत भिजवून ठेवलाय. कमळला अजून कळवलेलं नाही.