टाकीचा मंगळवार

१ जानेवारी, बुधवार. पहाटे ५.४०

यंदा कादंबरी संपवायचीच. अकरा वर्षं झाली. ‘टाकीवरचा चंद्र’. सांगोल्याचं वसतिगृह, दुष्काळ, नववीतला निरंजन. म्हणजे मीच. जग त्याला बिघडवायला टपलेलं, पण हा शेवटपर्यंत मनानं पोरच राहतो. हाच गाभा. आमच्या कॉलेजात हे कळणारं कुणी नाही. विभागप्रमुख नेमताना मला डावलून कालचं पोर घेतलं. मला राग नाही. निरागस माणसाला राग येत नसतो. ते पोर रोज उशिरा येतं, त्याचे फोटो फक्त मोबाइलमध्ये ठेवलेत.

संकल्प : निरागसता लिहायची तर आधी जगायची. रोज एक तास लहान मुलासारखं वागणे.

५ जानेवारी, रविवार

खालच्या मजल्यावरच्या राजसबरोबर गोट्या खेळलो. वय वर्षं आठ. (त्याचं.) गुडघा धरला. शिवाय मी वीत मोजताना हात पुढं सरकवतो म्हणे. अवधूतकाका चीटिंग करतात, असं सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडला. हल्लीच्या मुलांत निरागसता म्हणून उरली नाही. जाताना त्याच्या आईला सांगितलं की तो शिव्या देतो. दिली नव्हती, पण देण्याच्या बेतात होता.

१२ जानेवारी, रविवार

ओवीनं प्रकरण सात टाइप करून दिलं. (मुलीचं अक्षर वाईट, टायपिंग चांगलं.) हे कादंबरीचं काळीज. टँकर दोन दिवसांतून एकदा यायचा. टाकीचा कॉक रात्री बंद करायचं काम प्रत्येक मुलाला एकेक वार वाटून दिलेलं, नावं स्वयंपाकघराबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेली. एका मंगळवारी कॉक उघडाच राहिला. सकाळी टाकी रिकामी, सगळं पाणी गटारात. फळ्यावर मंगळवारपुढं नाव बिरुदेवचं. रेक्टरनं त्याच दिवशी काढून टाकलं. बाप येऊन घेऊन गेला, पोरगं मेंढरांमागं लागलं, शाळा सुटली ती सुटलीच. निरंजन कोरड्या टाकीला टेकून रडतो.

वाचताना मी तीनदा रडलो. ओवी म्हणाली, मग निरंजन काहीच करत नाही का? समजावलं की निरागस माणूस करत नसतो, त्याला वाटत असतं. ती ओके म्हणाली. तिच्या पिढीचं सगळं ओकेच असतं.

१९ जानेवारी, रविवार

गड्ड्याच्या जत्रेत मोठ्या पाळण्यात बसलो. (संकल्प.) वरून सोलापूर दिसलं, मग काहीच दिसेना. उतरल्यावर बायकोनं, प्रभानं, रुमाल पुढं केला.

घरी आल्यावर तिनं प्रकरण सात वाचलं. म्हणाली, मंगळवार तर तुमचा होता ना? लग्न झाल्यावर सांगायचात, तंबूत नवा सिनेमा मंगळवारी लागायचा आणि नेमका त्याच दिवशी माझा टाकीचा वार. एकदा सिनेमाला पळून गेलात तेही सांगितलं होतंत, म्हणाली.

बायका नको ते लक्षात ठेवतात. सांगितलं की कादंबरीत वास्तवाची पुनर्रचना असते. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

२८ जानेवारी, मंगळवार

कादंबरी संपवून लगेच छापायला टाकली होती. आज सात रस्त्याच्या प्रेसमधून पुस्तक हातात आलं. मुखपृष्ठावर चंद्र आहे, टाकी नाही. असो.

जबरदस्त कल्पना सुचली! प्रकाशनाला समीक्षक नको, साक्षात बिरुदेवच प्रमुख पाहुणा! अडतीस वर्षांनी दोन मित्र. एक अडाणी मेंढपाळ, डोळे पुसतोय, शेजारी मी. पेपरात फोटो येणारच. सांगोल्यातून नंबर मिळवला. आवाज तोच. म्हणाला, लई दिसानं आठवण झाली की. पुस्तक धाडतो, कुणाकडून तरी वाचून घे, म्हटलं. तो म्हणाला, वाचतो की.

८ फेब्रुवारी, शनिवार

बिरुदेवचा फोन. पुस्तक मिळालं. पुढं काही बोलेना. भारावला असणार. मेंढरं कधीच गेली, डाळिंबाची बाग आहे म्हणाला. जरा हिरमोड झाला. येताना घोंगडं घेऊन ये, असं सुचवलं. कशाला, म्हणाला. ऐन वेळी विसरेल म्हणून मीच एक विकत आणलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९

भाषण पाठ. विषय : निरागसता जपण्याचा अर्थ. बिरुदेव रडला की त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, डावा, म्हणजे चेहरा झाकणार नाही. राजसलाही बोलावलंय, बालपणाचं प्रतीक म्हणून.

दुपारी ३

खुर्च्या ऐंशी, माणसं सतरा.

बिरुदेव स्वतःच्या गाडीतून आला. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, डाळिंबांची एक पेटी. पुस्तक दोनदा वाचलं म्हणाला. घोंगड्याला हात लावला नाही. माझं भाषण चाळीस मिनिटं झालं. मग तो उठला. फार बोलला नाही. म्हणाला, त्या दिवशी तांब्या घिऊन सगळ्यांच्या आदी मीच टाकीवर गेलतो. पाणी न्हाई. मागं फिरलो तर अवधूत फळ्यापाशी. आपलं नाव पुसून माजं लिवत हुता. मी बोललो न्हाई. भ्यालंय पोरगं, म्हनलं. आन् मला कुणी इचारलं बी न्हाई. पोरगं हुतं, एवढ्यावरच अडतीस वर्सं मी तुज्यावर राग धरला न्हाई.

मग माझ्याकडं वळला. तवा तू चौदाचा हुतास, म्हणाला. ह्ये पुस्तक कुणी लिवलं?

आणि बसला. मागं एकानं टाळ्या वाजवल्या, भाषण संपलं एवढंच त्याला कळलं होतं. मी पाहुण्यांच्या अंगावर सोलापुरी चादर घातली. त्यानं ती नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि गेला. पेटी राहिली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

अडतीस वर्षांत स्मृती दगा देते. त्याची. यावर लेख लिहायचा.

ओवीनं विचारलं, बाबा, फळा तू पुसला होतास का? म्हटलं, मी तेव्हा लहान होतो गं. ती म्हणाली, वय नाही विचारलं. डाळिंब उचललं आणि आत गेली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. पहाटे ४.५०

मंगळवार माझा होता.

लिहिलं. लाज वाटते. आज बिरुदेवला फोन करून एवढंच वाक्य सांगायचं. आजच. सबब चालणार नाही.

संध्याकाळी ६

फोन केला नाही. रेंज नव्हती. दुपारी आली, पण तेव्हा त्याची जेवायची वेळ असणार.

जिन्यात राजसची आई भेटली. म्हणाली, तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. कबूलच करत नव्हता. त्याच्या पप्पांनी पट्ट्यानं मारल्यावर कबूल झाला, शिव्या देतो म्हणून.

राजस तिच्या मागं उभा होता. माझ्याकडं बघत होता. सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.

म्हणालो, चला, चांगलं झालं.

आठ वर्षांचा आहे. विसरेल.