गुदौरीला बर्फ नव्हता

४ डिसेंबर २०२५, गुरुवार

काल आमच्या दुबईच्या मराठी मंडळाच्या बैठकीत मी खोटं बोलले. आज त्यापायी एका मुलीची नोकरी गेली. कुणाला सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहिते आहे.

क्रमाने लिहायचं. इथल्या नॅशनल डेच्या चार दिवसांच्या सुट्टीत मंडळाची अकरा कुटुंबं जॉर्जियाला गेली — गुदौरी, बर्फावर स्कीइंग. अध्यक्ष मी, तारखा माझ्या. पोचलो तर डोंगरभर वाळकं गवत. लिफ्ट बंद. वर टोकाला चुना फासल्यासारखा एक पट्टा, तेवढाच बर्फ. मुलं भाड्याचे जाडजूड कपडे घालून चिखलात बसली. दुबईच्या मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर खेळलेली नात सृष्टी म्हणाली, "आजी, वी हॅव मोअर स्नो इन द मॉल." सगळे हसले. मला हसता आलं नाही.

काल अल नहदाला शोभनाकडे बैठक. सुजीतने विचारलं, "ताई, या तारखा ठरवल्या कुणी?" मी म्हणाले, "एजंटने. पक्का बर्फ असतो म्हणाली."

किती सहज निघालं तोंडातून!

मग सगळ्यांनी तिथेच बसून ट्रॅव्हल ऑफिसच्या मालकाला तक्रारी धाडल्या. आज दुपारी शोभनाचा मेसेज — "काढलं त्या शहनाझला. खलास."

५ डिसेंबर

शहनाझ खरं काय म्हणाली होती, ते लिहून ठेवते.

सप्टेंबरमध्ये देरा भागातल्या तिच्या ऑफिसात गेले होते. हैदराबादची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची, बोलणं खणखणीत. कॅलेंडर माझ्याकडे फिरवून तिने पेनाने गोल केला — पंधरा जानेवारी ते फेब्रुवारीअखेर. "ये असली टाइम है मॅडम. तब तक परत पे परत जमती. डिसंबर की शुरुआत में बरफ गिरी तो गिरी, टिकती नहीं. लिफ्ट भी चालू नहीं रहते."

मी म्हणाले, "मी भूगोल घेऊन बी.ए. केलंय. बावीसशे मीटर उंची, कॉकेशस. बर्फ असणारच."

ती हसली. "पहाड को आपकी डिग्री दिखाना पडेगा मॅडम."

मला राग आला. तिथेच ठरलं माझं. शिवाय गणपतीच्या बैठकीत मी सांगून बसले होते — लाँग वीकेंडला जायचं, कुणाची रजा जाणार नाही. शब्द फिरवायची मला सवय नाही.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला तिने व्हॉइस मेसेजही पाठवला. "पहाड के कॅमेरे में घास दिख री मॅडम. तारीख बदलना है तो इस हफ्ते बोल दो, मैं करा देती." मी पूर्ण ऐकला. अंगठा पाठवला. केलं काहीच नाही.

६ डिसेंबर

तिला फोन केला. उचलला नाही. बरं वाटलं. इथे तरी खरं लिहावं — बरं वाटलं.

८ डिसेंबर

सकाळी चहाच्या वेळी गोपीनाथना सांगितलं. चौतीस वर्षांचा संसार, पण असलं काही सांगायची पहिलीच वेळ. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"तो मेसेज आहे अजून?"

"आहे."

"मग प्रश्न काय आहे?"

मी कप उचलून बेसिनमध्ये ठेवले. मग तेच म्हणाले, "अगं, मिळेल तिला दुसरी नोकरी. दुबई आहे ही. रोज लोक येतात, रोज जातात."

चीड आली. कारण चार दिवस मी स्वतःला हेच वाक्य ऐकवत होते. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो. आम्ही शारजाला वर्कशॉप चालवतो, माणसांचे व्हिसे मी स्वतः रद्द केलेत. मला माहीत नाही असं नाही.

९ डिसेंबर

ट्रॅव्हल ऑफिसच्या मालकाकडे गेले. सुदेश, रत्नागिरीचा. चहा मागवला, पुढच्या सहलीला सवलत देतो म्हणाला. मी म्हटलं, "सहल राहू दे. चूक माझी होती, तिची नाही."

त्याने मान हलवली. "वहिनी, तुम्ही मनाने मोठ्या, म्हणून पांघरूण घालताय."

मनाने मोठी! खाली बघत मेसेज ऐकवला. ऐकून तो म्हणाला, "माझ्याकडे अकरा लेखी तक्रारी आहेत. तुम्हीही लेखी द्या. घेतो तिला परत."

१० डिसेंबर

पत्र लिहायला बसले. पहिला मसुदा — "संवादात त्रुटी राहिल्याने गैरसमज निर्माण झाला." फाडला. दुसरा — "मंडळाकडून तारखांची निवड योग्य झाली नाही." फाडला. पत्रं लिहिणाऱ्यांना आयुष्यभर सांगत आले, वाक्यात कर्ता आधी लिहा. तिसऱ्या कागदावर 'मी' लिहिलं आणि पुढे पंधरा मिनिटं काही सुचेना.

११ डिसेंबर

पत्र सुदेशला दिलं. मंडळाच्या ग्रुपवर शहनाझचा मेसेज टाकला, खाली लिहिलं: तिने सावध केलं होतं, मी ऐकलं नाही, बैठकीत खोटं बोलले.

तासाभराने सुजीत — "इट्स ओके ताई, होतं असं." शोभनाने हात जोडले. कुणीतरी मकरसंक्रांतीच्या हॉलचा विषय काढला. शहनाझचं नाव एकानेही घेतलं नाही. माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं.

सृष्टीने आईच्या फोनवर वाचलं. "आजी, यू लाइड?"

"हो."

"टू एव्हरीवन?"

"हो."

"डिड यू से सॉरी टू हर?"

अकरा वर्षांची पोर. बरोबर तेवढंच राहिलं होतं.

१२ डिसेंबर

सुदेशचा फोन — "बोलावलंय तिला सोमवारपासून." सुटल्यासारखं झालं. आज पोटभर जेवले.

१३ डिसेंबर

शहनाझने स्वतःच फोन केला. "मॅडम, युनियन मेट्रो के पास मिलो. लिखने को पेन लाना."

१४ डिसेंबर, रविवार

स्टेशनबाहेरच्या बाकावर बसलो. मी माफी मागितली. ती म्हणाली, "हो गया मॅडम. मैं वापस नहीं जा री उधर. उन्होंने मेरे कू एक बार पूछे तक नहीं." मंगळवारचं हैदराबादचं विमान आहे. तिकीट भावाने काढलंय. त्याचा दोस्त ट्रॅव्हल ऑफिसच्याच बिल्डिंगमध्ये कामाला; 'गिऱ्हाइकांना फसवलं म्हणून काढली' ही खबर तिच्या आधी घरी पोचली. मुली परदेशात नोकरीला जातात त्याविरुद्ध तो पहिल्यापासून होता. "घर में दो बहनें और हैं मॅडम. छोटी का नर्सिंग का फॉर्म भरना था. भाईजान बोले, अब कोई नहीं जाएगी. आप उनके नाम लिख के दो."

बाकावरच लिहून शहनाझकडे सुपूर्द: तिच्या भावाच्या नावे पत्र, इंग्रजीत, हाताने लिहिलेलं, दीड पान. खाली माझं पूर्ण नाव, सही, फोन नंबर. तो मेसेजही तिच्या फोनवर परत पाठवला. तिने पत्र दोनदा वाचलं. एका ठिकाणी मी 'मिस्टेक' लिहिलं होतं. तिने बोट ठेवलं. मी ते खोडून 'लाय' — खोटं — लिहिलं, शेजारी पुन्हा सही केली आणि कागद दिला.