अर्जातली खूण

वेस्ट मांबलम, १२ मे २००६

बाबा,

निवृत्तीनंतर मिरजेला तुमचं बिऱ्हाड लागलं असेल.

आज इथल्या इंग्रजी वर्तमानपत्राची चाचणी होती. पत्रकारितेच्या आमच्या वर्गातल्या अठ्ठावीस जणांत आतापर्यंत दोघांनाच नोकरी मिळाली आहे, आणि ही एकच जागा उरली होती. तमिळ वाचता येतं, अशी अर्जात मी खूण केली होती. समोर सरकारी पत्रक आलं, अख्खं तमिळमध्ये. त्याची इंग्रजी बातमी करायची होती. मला फक्त आकडे वाचता आले.

शेजारी माझ्या खोलीतली कयलविळी बसली होती. तिलाही हीच जागा हवी होती. देखरेखीच्या बाई कॉफीला गेल्या, तशी ती कुजबुजली, "भाजीवालीशी तमिळमध्ये तासभर भांडतेस आणि हे वाचता येत नाही? ऐक." तिने वाचलं, मी लिहिलं.

बदली कधीही होईल म्हणून शाळेत तुम्ही मला तमिळऐवजी संस्कृत घ्यायला लावलंत. बदली एकवीस वर्षांत झाली नाही. हे मी रागाने लिहीत नाही.

संध्याकाळीच निकाल लागला. संपादक म्हणाले, "छान बातमी. सोमवारपासून सगळी सरकारी पत्रकं तुमच्याकडे."

कयलचं इंग्रजी कच्चं ठरलं. ती रविवारी तिरुनेलवेलीला घरी परत जाते आहे.

तुम्ही आनंदाने पेढे वाटाल, त्यावर विरजण नको, म्हणून हे पत्र पेटीत टाकणार नाही. फोनवर नोकरी लागली एवढंच सांगेन.

तुमची,
देविका