विनापरवानगी साफ केलेल्या कबरी

प्रिय अक्का,

न्हाय, तब्येतीला काय झालेलं न्हाय. गुडघा हाय तसाच हाय, गोळी घेतली हाय. कुणी विचारलं न्हाय, पर तू विचारशील म्हणून आधीच सांगून टाकलं. पत्र लिहितोय ते तोंडाची चव गेली म्हणून. हितं कुणापुढं बोलायची सोय न्हाय.

ईस्टरच्या पहाटे आपली उपासना कबरस्तानात असते. तुला काय सांगू, तू आता तितंच हायस. आदल्या दिवशी जो तो आपापल्या माणसाची कबर झाडतो, चुना लावतो. यंदा पाळकसाहेबांनी ते काम तरुण संघाच्या पोरांकडं दिलं. पोरांना जबाबदारी शिकवायची म्हणे! त्यावर तीन रविवार प्रवचन झालं. मग यादी निघाली. झाडू कुणी धरायचा, कुणाची कबर कुणी करायची, फोटोला कुटं उभं राहायचं. ह्याला जबाबदारी म्हणायचं व्हय?

यादी माझ्याच हातची.

भिंतीकडच्या जुन्या कबरी यादीत नव्हत्या. ज्यांच्या घरचं कोण उरलं न्हाय त्यांच्या. वेडी बाभूळ माजली होती. मार्थाची नात शेरॉन आठवती न्हवं? तुझ्या संडे स्कूलच्या शेवटच्या वर्गातली. आता पंधराची झाली. तिनं नेमून दिलेलं काम उरकलं आन दोन पोरींना घेऊन ती बाभूळ तोडली, कबरींना चुना लावला. हात सोलून निघाले पोरीचे.

चर्चचा सेक्रेटरी भडकला. परवानगी कुणाची घेतली? उद्या कोण भांडत आलं तर? पुढच्या रविवारी तिला सगळ्या मंडळीपुढं उभं केलं, माफी माग म्हणाला.

ती म्हणाली, "सॉरी. पर विचारायचं कुणाला होतं? त्यांचं कोणच न्हाय की."

मग एकजण बोलला, "बस खाली. लई शानी झालीस."

तो मी होतो, अक्का.

किळस आली. सेक्रेटरीची आली, माना खाली घालून बसलेल्यांची आली, माझी सगळ्यात जास्त.

तू पोरांना चर्चची फरशी पुसायला लावायचीस आन मी मागनं येऊन परत पुसायचो. एकदा तू माझ्या हातातनं फडकं ओढलंस. "डाग राहू दे. उद्या त्यांनाच दिसंल." मला वाटलं, अक्काला स्वच्छता कळत न्हाय. तवाच दोन कानाखाली का न्हाय ठेवून दिल्यास?

शेरॉन आता तरुण संघात येत न्हाय. तिची आई सांगत होती, घरात पण सांगितल्याशिवाय पाण्याचा तांब्या उचलत न्हाय पोरगी. हे शिकवलं आमी!

येत्या रविवारी मी उभा राहतो. यादी माझी, चूक माझी, माफी मी मागतो. सेक्रेटरीला न विचारता. ती आली न्हाय तर तिच्या दारात जाऊन मागतो. हा शब्द तुला दिला.

त्या रविवारी काय झालं ते मागनं विचारू नकोस. सांगणार न्हाय. डाग राहिला तर मलाच दिसंल.

तुझा धाकटा,
दानू