इल्झेबाईंची भाषा

पापाकुरा, मे २००४, शनिवार

आज शेजारच्या इल्झेबाईंकडे चहाला गेले होते. पंच्याहत्तरीच्या असतील, एकट्याच राहतात. त्यांचा देश लात्व्हिया, बाल्टिक समुद्राकाठचा, सगळी पाइनची जंगलं. रशियन आले, जर्मन आले, परत रशियन. शाळकरी वयात आईबरोबर घोडागाडीतून पळाल्या, त्या शेवटी इथे, जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्या. आता देश स्वतंत्र आहे, याच महिन्यात युरोपियन युनियनमध्येही गेला.

"मग जाऊन या ना," मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं.

"तिकडे भाचीला फोन केला होता. ती हसली. म्हणाली, मावशी, असं जुनाट आता इथे कुणीच बोलत नाही."

ते हसणं काही माझ्या डोक्यातून जात नाही.

"नवरा गेल्यापासून इथे माझी भाषा कुणी ऐकलेली नाही. तुम्ही ऐकाल?" बाईंनी विचारलं.

ऐकलं. एक अक्षर कळलं नाही, पण बाई मोकळ्या होत होत्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही."

मी काय बोलणार? आणि एकदम तोंडातून मराठीत निघालंच, की मला इथे करमत नाही. संदीपनं हौसेनं आणलं, सूनही चांगली आहे, पण नात इंग्रजीतच उत्तर देते, दिवसभर घर गप्प असतं. मला पुण्याला परत जायचंय. बाईंनी माझा हात धरून ठेवला.

संध्याकाळी संदीपनं विचारलं, "आई, कंटाळा नाही ना येत?"

"छे रे," म्हटलं.

का म्हटलं असं? बाईंना काही कळत नव्हतं म्हणून बोलता आलं. त्याला सगळंच कळलं असतं.