दोन नंबरचा पट्टा

डँडेनॉन्ग (मेलबर्न), २ मार्च २०२५

ती. आबांना शार्दूलचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि सरिताताईला मध्ये घातलं की माझं निम्मं बोलणं तिचं होऊनच तुमच्यापर्यंत पोचतं. म्हणून पत्र लिहितो. पोचायला दोन आठवडे लागतील, पण पूर्ण पोचेल.

मागच्या रविवारी मी ओसाकाला पट्टा जिंकला. ताईने तुम्हाला 'शार्दूल चँपियन झाला' एवढंच सांगितलं असणार. ते खरं आहे, पण अपुरं आहे, आणि तुम्ही गावात पेढे वाटण्याआधी ते पूर्ण करणं माझं काम आहे.

कुस्तीच्या ज्या कंपनीकडून मी वर्षात तीनदा जपानला लढायला जातो, तिचे दोन पट्टे आहेत. पहिला चाळीस वर्षांचा जुना. तो ज्याच्याकडे असतो त्याचा फोटो प्रत्येक पोस्टरवर, मोठ्या हॉलमध्ये शेवटची लढत त्याची. दुसरा पट्टा चौदा वर्षांचा. तो ज्याच्याकडे असतो तो गावोगावच्या शाळांच्या जिममध्ये लढतो, बंदरावरच्या गोदामातही लढतो, आणि शेवटच्या लढतीच्या आधी लोकांना जागं करून ठेवतो. हा पट्टा तीन प्रकारच्या माणसांना मिळतो. ज्याला पुढे पहिल्यासाठी तयार करायचं आहे त्याला, ज्याचे पहिल्याचे दिवस संपले त्याला, आणि बाहेरच्या देशातून आलेल्याला. मी तिसऱ्या प्रकारातला.

पण दुसरा म्हणजे उपविजेता नव्हे. तिकडे असंही झालं आहे की दुसऱ्या पट्ट्याची लढत पाहायला जास्त लोक आले. पहिल्या पट्ट्याला मान आधीच असतो. दुसऱ्याला तो प्रत्येक पैलवानाने नव्याने कमवून द्यावा लागतो. मला हे काम आवडतं.

मयूराने पट्टा वजनकाट्यावर ठेवला. चार किलो दोनशे ग्रॅम भरला. तिच्या हॉस्पिटलमध्ये एवढ्या वजनाचं बाळ झालं तर सगळ्या नर्स बघायला येतात, असं म्हणाली. तो जेवणाच्या टेबलावर ठेवायचा नाही, असंही म्हणाली. तिचा तुम्हाला नमस्कार.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती तशीच राहू द्या.

तुमचा
शार्दूल

बोरगाव (जि. सांगली), १९ मार्च २०२५

चि. शार्दूल यास आबाचे अ. आ.

पत्र काल मिळालं. तीनदा वाचलं. लेका, मास्तरासारखं एवढं समजावून सांगायची गरज नव्हती. दोन नंबर म्हणजे काय हे मला सांगतोस? जत्रेच्या मैदानात बावीस वर्षं मी दोन नंबरच्या कुस्त्या केल्या. पोस्टरवर माझं नाव कायम दुसऱ्या ओळीत.

एक नंबरची कुस्ती कशी व्हायची तुला ठाऊक नाही, तू लहान होतास. दोन नावाजलेले गडी यायचे, एकमेकांच्या मानेवर हात टाकून पाऊण तास गोल फिरायचे. हलगीवाल्याचे हात दुखायला लागले की पंच बरोबरीत सोडवायचे. दोघं इनाम घेऊन गाडीत बसायचे. लोक घरी जाताना कुठल्या कुस्तीबद्दल बोलायचे? माझ्या. चितपट झालो तरी माझ्या. एक नंबरवाला आला नाही तर लोक शिव्या देत बसून राहतात. दोन नंबरवाला आला नाही तर उठून जातात.

पेढे वाटले. तुझा पट्टा घातलेला फोटो राघव वस्तादाने तालमीत लावला, मारुतीच्या डाव्या हाताला. उजव्या हाताला त्याचा स्वतःचा आहे, तो काढायला तयार नाही. दोन नंबर म्हणजे डावीकडेच, असं वर मलाच सांगतो. आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

तुझा डिप्लोमा अर्धा राहिला तेव्हा मी तुझ्याशी वर्षभर बोललो नव्हतो. ते आता मनात ठेवू नकोस. तूप चांगलं मिळतं का तिथे? सूनबाईस आशीर्वाद. तुमच्या दोघांवर जीव आहे, कळवत जा.

आबा

डँडेनॉन्ग, १३ एप्रिल २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

तूप फॉस्टर स्ट्रीटवर चांगलं मिळतं. काळजी करू नये.

काळजीची गोष्ट दुसरी आहे. ती मी मयूराशिवाय कुणाला सांगितलेली नाही. ताईलाही सांगू नका.

मार्चच्या शेवटी इथल्या नोकरीत, गोदामात काम करताना उजव्या हातातून खोकं सुटलं. वजन फक्त नऊ किलो होतं. तेव्हापासून करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर आहे. मयूराने ओढून स्कॅनला नेलं. मानेतल्या दोन मणक्यांच्या मधली गादी सरकली आहे आणि हाताकडे जाणारी नस दाबली जाते आहे. डॉक्टरांनी आदळआपट कायमची बंद करायला सांगितलं. मी 'कायमची' म्हणजे किती, असं विचारलं. त्यांनी तोच शब्द पुन्हा म्हटला.

कंपनी जूनमध्ये मेलबर्नला येते आहे. चौदा तारखेला मला पट्ट्यासाठी कुवाता नावाच्या चोवीस वर्षांच्या पैलवानाशी लढायचं आहे. मी दुखणं कळवलं तर नियम असा की चँपियनने सगळ्यांसमोर पट्टा टेबलावर ठेवायचा, वाकून नमस्कार करायचा आणि निघून जायचं. त्याला पट्टा परत करणं म्हणतात. पहिला पट्टा चारदा परत झाला आहे, त्याचं काही बिघडलं नाही. पण माझ्या आधीच्यानेही दुसरा पट्टा दुखापतीमुळे परतच केला होता. लागोपाठ दोघांनी परत केला तर तो पट्टा घ्यायला कुणी पुढे येणार नाही. कंपनी तो बंद करेल. मग चौदा वर्षांत तो ज्यांनी ज्यांनी मोठा केला त्यांचं काय? तो कुणीतरी माझ्याकडून आखाड्यात घ्यायला हवा.

आणखी एक. हे मी तुम्हाला आठ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. या कुस्तीत कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. मी कुवाताशी हरणार हे ठरलेलं आहे. पट्टा मला मिळाला तोही ठरूनच. पडणं खरं असतं, लागणं खरं असतं, निकाल ठरलेला असतो. तुम्ही पेढे वाटल्यापासून मला नीट झोप नाही.

मयूरा म्हणते जायचं नाही. मला समजत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

रागावलात तरी दूर लोटू नका, एवढीच विनंती.

तुमचा
शार्दूल

बोरगाव, ३० एप्रिल २०२५

चि. शार्दूल यास आशीर्वाद.

ठरवून केलेल्या कुस्तीला आमच्याकडे नुरा कुस्ती म्हणतात. नुरा करणाऱ्याला लोक मैदानातून हाकलून देतात. मी बावीस वर्षांत एक केली नाही, पैसे समोर ठेवले तरी केली नाही.

तेव्हा मान मोडून घेण्याचा प्रश्न येतोच कुठे? नाटकातल्या मेलेल्या माणसाला कुणी खरं मरायला सांगत नाही. पट्टा टेबलावर ठेव आणि घरी बस. कुणाचा मान आणि कुणाचा पट्टा. ते पितळ आहे.

फोटो मी तालमीतून काढून आणला आहे.

सूनबाईचं ऐक.

आबा

डँडेनॉन्ग, ६ जुलै २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

हे पत्र मी डाव्या हाताने लिहितो आहे. चार दिवस लागले. अक्षर वाईट आहे, माफ करा.

ऑपरेशन झालं हे ताईने तुम्हाला सांगितलं आहे. बाकीचं मी क्रमाने सांगतो.

तुमचं पत्र १५ मे रोजी मिळालं. तोपर्यंत मी पट्टा परत करायचं ठरवत आणलं होतं. कंपनीला लिहायचा मजकूरही तयार होता, मयूराने तो वाचून बरोबर आहे म्हटलं होतं. तुमचं पत्र वाचलं आणि मी तो मजकूर फाडला. तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. पण झालं ते असं झालं. तुम्ही नुसतं 'नको जाऊ' म्हणाला असता तर गेलो नसतो. तुम्ही म्हणालात, 'ते पितळ आहे.'

मयूराने चौदा जूनला सकाळी, जायचंच का, असं एकदाच विचारलं. मग तिने शिफ्ट बदलून घेतली आणि हॉलवर आली. ती शेवटच्या रांगेत बसली होती, कारण दार जवळ होतं. पाचशे ऐंशी खुर्च्या होत्या, सगळ्या भरल्या. आपली बरीच माणसं आली होती, सिडनीजवळच्या वेंटवर्थव्हिलहून एक कुटुंब गाडी चालवत आलं होतं. मी दुखणं कुणालाच सांगितलं नव्हतं, कुवातालाही नाही. ही चूक फक्त माझी आहे. त्याला माहीत असतं तर त्याने तो डाव घेतलाच नसता.

आठव्या मिनिटाला त्याने मला उचलून पाठीवर टाकलं. मी अंग वळवायला उशीर केला. पाठीच्या आधी मान टेकली. अठरा मिनिटांची लढत ठरली होती, ती बारा मिनिटांत संपली. तो जिंकला. पट्टा त्याने माझ्याकडून आखाड्यात घेतला, टेबलावरून नाही.

सतरा तारखेला ऑपरेशन झालं. दोन मणके पट्टी घालून जोडले आहेत. चालता येतं. उजवा हात कोपरापर्यंत माझा आहे, पुढे नाही. मूठ वळत नाही. कदाचित थोडी सुधारणा होईल, 'थोडी'च म्हणाले. गोदामातली नोकरी गेली. मयूरा रजा संपवून कामावर जाते, येते, औषधाच्या वेळा तेवढ्या सांगते.  मी बोलायला लागलो की ती भांडी घासायला घेते.

काल कंपनीचं पत्र आलं. कुवाता चांगला निघाला म्हणून त्याला आता पहिल्या पट्ट्यासाठी लढवणार आहेत. ऑक्टोबरपासून दोन्ही पट्टे एक करणार. दुसरा बंद. तो ऑफिसात काचेच्या कपाटात ठेवतील. त्यांनी माझे आभार मानले आहेत, आणि माझं नाव बरोबर लिहिलं आहे.

आता मला काही सुचत नाही. तुम्ही मला मनातून काढलं नसेल तर दोन ओळी लिहा.

शार्दूल

बोरगाव, २१ जुलै २०२५

चि. शार्दूल यास आबाचे अनेक अनेक आशीर्वाद.

एप्रिलचं ते पत्र मी तुला थांबवण्यासाठी लिहिलं. राघव म्हणाला होता, गोड लिहून पोरगं ऐकणार नाही, असं लिही की त्याला त्या धंद्याचा वीट येईल. मी सगळ्यात कडू शब्द शोधून लिहिला. तुझा राग माझ्याकडूनच आलेला आहे हे विसरलो. मला असं कुणी लिहिलं असतं तर मीही गेलो असतो. हे मला तीस एप्रिललाच कळायला हवं होतं. आता रात्रंदिवस तेच डोक्यात आहे, जेवण जात नाही.

मी सरिताला तुझी कुस्ती दाखवायला सांगितली. तिने कॉम्प्युटरवर लावली आणि बाहेर जाऊन बसली. मी चारदा पाहिली. आठव्या मिनिटाला तू पडलास ते पाहिलं. मान कशी वाकली ते पाहिलं. आणि त्यानंतर तू उठलास. लेका, त्या मानेवर तू उठून उभा राहिलास. मी बावीस वर्षांत असा कधी उठलो नाही. निकाल ठरलेला असेल, पण असं उठणं कुणी ठरवून करू शकत नाही. तिथे नुरा नाही. माझा शब्द मी परत घेतो.

राघवला आणि तालमीतल्या सगळ्यांना बोलावून तेवढी जागा दाखवली. बघा, म्हटलं, शार्दूल उठला.  फोटो परत लावला आहे. दुसरं मी काय करू ते मला समजत नाही. या वयात विमानात बसवतील का? हात कसा आहे ते खरं लिही.

आबा

डँडेनॉन्ग, १० ऑगस्ट २०२५

ती. आबांना सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. हात तसाच आहे. तुम्ही येऊ नका, इथे थंडी आहे आणि बघण्यासारखं काही नाही.

कुस्ती चारदा पाहिलीत, तर एक गोष्ट तुम्हाला चुकीची माहीत राहू नये. ती तशीच राहू द्यावी असं मयूरा म्हणते. दोन महिन्यांत ती पहिल्यांदाच माझ्याशी एवढं बोलली. मी चार दिवस विचार केला. पण पहिल्यांदा तुमच्यापासून लपवलं त्याचं काय झालं ते समोर आहे.

आबा, मी उठलो नाही. पडल्यावर मानेखालचं काहीच मला जाणवत नव्हतं. कुवाताची पाठ कॅमेऱ्याकडे आहे म्हणून दिसत नाही, पण त्याचा डावा हात माझ्या काखेत आहे, अगदी खोल. उजव्या हाताने तो मला मारतो आहे असं वाटतं. मारत नव्हता. त्या हाताने त्याने माझं डोकं स्वतःच्या खांद्याला धरून ठेवलं होतं, मान हलू नये म्हणून. त्यानेच मला उभं केलं. संपवू का, असं कानात विचारत होता. त्याला येणाऱ्या थोड्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा तेच. मला जीभ हलवता आली नाही. माझं उत्तर आलं नाही म्हणून तो चालू राहिला, कारण माझ्या होकाराशिवाय लढत तोडायची नाही असं त्याला वाटलं. पुढची चार मिनिटं त्याने एकट्याने दोघांची कुस्ती केली. लोक माझ्या नावाने ओरडत होते.

तुमच्याजवळ माझं एवढंच उरलं होतं हे मला कळतं. तालमीत सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

पाहायचीच असेल तर पाचव्यांदा त्याचे पाय पाहा. चितपट करताना त्याने स्वतःचा गुडघा माझ्या मानेखाली घातला आहे. एवढ्या हळू मला कुणीही कधी जमिनीवर ठेवलेलं नाही.

जमेल तेव्हा लिहा, मी वाट पाहतो.

तुमचा
शार्दूल